'मे महिन्यात ताडोबाला जा, वाघ हमखास' : या मेसेजला बफरमधल्या गावातून उत्तर

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा : 'मे महिन्यात ताडोबाला जा, वाघ हमखास. कोअरचंच बुकिंग करा, बफरमध्ये काही नसतं. एक सफारी पुरे, पांढरपौनीला माया बसलेलीच असते. ड्रायव्हरला आधीच पैसे कबूल करा, तो वाघाला आडवी गाडी लावतो.' कोअर म्हणजे ताडोबाचं आतलं मुख्य राखीव जंगल, आणि बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, ज्यात गावंही आहेत. आमचं गाव बफरमधलं, म्हणून पुण्या-मुंबईचे नातेवाईक हाच मेसेज पाठवून विचारतात, खरं का हे?

पांढरपौनी हा कोअरमधला पाणवठ्याचा भाग, आणि माया ही तिथली प्रसिद्ध वाघीण. ती २०२३ च्या पावसाळ्यानंतर कोणाला दिसलेली नाही. मेसेज किती शिळा आहे ते एवढ्यावरूनच कळतं.

मे महिन्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पानगळ झालेली असते, नाले आटलेले असतात, आणि वाघ पाणवठ्यात मागच्या अंगाने उतरून गळ्यापर्यंत बसून राहतो. दिसण्याची शक्यता वाढते ती यामुळे. पण हमखास कसं म्हणणार? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोअरच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन करता येत नाही. उरलेल्या जंगलात गाडी जातच नाही, आणि वाघाने कुठे बसायचं हे वाघच ठरवतो. शिवाय चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या वरचं ऊन आणि उघडी जिप्सी. म्हाताऱ्या आईला आणि लहान लेकरांना घेऊन दुपारच्या फेरीला येऊ नका, असं मी सगळ्यांनाच सांगतो. फेब्रुवारी-मार्चात या. पळस फुललेला असतो आणि सकाळ सुखाची असते.

'बफरमध्ये काही नसतं' हे तर साफ खोटं. छोटा मटका हा ताडोबाचा नावाजलेला वाघ लोकांनी पाहिला तो अलीझंझा-निमढेला भागात, म्हणजे बफरमध्येच. कोअरची हद्द कागदावर असते, वाघ ती ओलांडून येतो-जातो. बफरच्या गेटवर गाइड बहुधा आजूबाजूच्या गावातलीच पोरं-पोरी असतात, तुमचा पैसा तिथे गावात राहतो.

एका सफारीवर भरवसा ठेवू नका. निदान तीन धरा, सकाळ-दुपार मिळून, त्यातली एखादी बफरची. नागपूरहून उमरेड-चिमूर मार्गे येणाऱ्याला कोलारा गेट सोयीचं, चंद्रपूरला उतरणाऱ्याला मोहर्ली. आणि गाइडने गाडी बंद करायला सांगितली तर 'पुढे चला' म्हणू नका, तो कान देत असतो. चितळ उगाचही ओरडतं, पण सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचं ओरडणं, आला की जुना गाइड लगेच त्या दिशेला वळतो, कारण सांबर सहसा चुकत नाही. अशा वेळी दहा मिनिटं गप्प बसणारेच वाघ पाहतात.

आता पैशाचं. या मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हेच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवली. व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि निलंबित झाले ते गाइड आणि ड्रायव्हर. जवळून फोटो हवा म्हणून गाडी पुढे घ्यायला लावणारा पर्यटक आपल्या घरी जातो. पोरांचं घर मात्र त्या हंगामावरच चालतं, ते काम सुटलं की दुसरं काय आहे इथे? आणखी एक भीती आम्हाला कायम असते. गाड्यांच्या गराड्यात वाढलेला बछडा उद्या माणसाला बुजेनासा झाला तर? मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच आमच्या बाया टोपली घेऊन मोहाखाली वाकलेल्या असतात, याच जंगलात. त्यामुळे ड्रायव्हरला बक्षीस द्यायचंच असेल तर फेरी संपल्यावर द्या, वाघ दिसो की न दिसो.

बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावरून करा. मंगळवारी सफारी बंद असते, कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं ते मूळ ओळखपत्र सोबत लागतं. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटो काढायचे असतील तर कॅमेरा आणा.