टर्कीची मनधरणी

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मचाण, हाकारे आणि वाघावर पाय ठेवून फोटो काढणारे संस्थानिक येतात. पेनसिल्व्हेनियातली वसंतातली टर्कीची शिकार म्हणजे जमिनीवर फतकल मारून एका पक्ष्याची मनधरणी करणं. आमचे सत्तरी ओलांडलेले शेजारी हे व्रत निष्ठेनं पाळतात. मे महिन्यात त्यांनी मलाही नेलं, "नुसतं बघायला".

आधी कपड्यांची झडती झाली. लाल, पांढरा, निळा काही नको. नर टर्कीचं डोकं नेमकं याच रंगांचं असतं आणि दुसरा एखादा शिकारी त्यावरच नेम धरतो. माझे पांढरे मोजे तिथेच बाद. मग काळोखात, खांद्यांहून रुंद बुंधा बघून पाठ टेकायची, म्हणजे मागून कुणी बार काढलाच तर छर्रे झाड खाईल. ही माहिती मला बूड टेकल्यावर मिळाली.

टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, पण नजर भयंकर. म्हणून हलायचं नाही, बोलायचं नाही, खाजवायचं तर नाहीच. मानेवरून काहीतरी चालत गेलं. गोचीड आहे का हे बघायलाही बंदी!

उजाडताना शेजाऱ्यांनी घुबडासारखा घूत्कार केला. झाडावरचा नर चिडून गॉबल-गॉबल ओरडला. पण झोपायच्या फांदीवर बसलेल्याला मारणं रीतीत बसत नाही. मग खिशातून लाकडी डबी निघाली. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज येतो. पंचाईत अशी की एरवी नर बोलावतो आणि मादी जाते. इथे आपण मादी होऊन म्हणायचं, तूच ये. कांदेपोह्यांच्या बैठकीइतकाच नाजूक मामला: फार आर्जव केलं तर संशय, गप्प राहिलं तर स्थळ हातचं जातं.

आला बुवा एकदाचा. पिसारा फुललेला, छातीवर केसांसारख्या पिसांची दाढी लोंबतेय. (वसंतात दाढीवाल्यालाच मारायची परवानगी.) चांगला साठेक यार्डांवर घुटमळला. तेवढ्यात डावीकडून एक खरीखुरी मादी आली आणि त्याला घेऊन गेली.

"मारायचं होतं की!" मी.

"लांब होता. जखमी होऊन कुठेतरी कुढत मेला असता."

मग त्यांनी हलक्या आवाजात इतिहास सांगितला. जंगलतोड आणि बेबंद शिकारीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्की जवळपास संपत आले होते. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखला गेला. पुढे जंगली टर्की जाळ्यात पकडून ठिकठिकाणी नेऊन सोडले. शिकाऱ्यांनी संपवले आणि शिकाऱ्यांच्याच पैशानं परत आले.

हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दुपारी बाराला शिकार बंद. बारा वाजून चार मिनिटांनी तोच नर, आता एकटा, आमच्यासमोर वीस पावलांवर येऊन उभा. आसपास दुसरं चिटपाखरू नाही.

"घड्याळ पुढे असेल," मी कुजबुजलो.

शेजाऱ्यांनी काडतुसं केव्हाच काढली होती. त्यांनी टोपीला हात लावून टर्कीला सलाम ठोकला.

घरी बायको म्हणाली, "अहो, आणि हा वाटलेला मसाला आता कुणावर काढू?" शेवटी तो दुकानातल्या कोंबडीवर निघाला. शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. सकाळभर तसूभर न हललेला माणूस तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला खुर्चीत ठरेना. नाक पुसत, डोळे पुसत त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.