चरबीचा ताळेबंद

मोजून दोन भाकऱ्या खात आणि आमटीवरची तर्री चमच्याने बाजूला सारत मी पाच आठवडे काढले, तरी आमचा वजनकाटा ८१ किलोंवर असा ठाण मांडून बसला होता, जणू पेठेतल्या जुन्या वाड्यातला भाडेकरूच. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने समजूत घातली, की चरबी उतरत असेल आणि त्याच वेळी स्नायू भरत असतील तर काटा हलत नाही. तेव्हा वजन सोडा, चरबीचे प्रमाण पाहा.

मुद्दा पटण्याजोगा होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, तेव्हा दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के होती. पुणेकर म्हणून मला याचा अभिमान वाटावा की काळजी, हे अजून ठरलेले नाही.

मग चरबी मोजणारा काटा घरी आला. त्यावर अनवाणी उभे राहिले की तळव्यांतून सौम्य वीजप्रवाह जातो. पाणीदार स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबीत अडखळतो, आणि त्या अडखळण्यावरून यंत्र अंदाज बांधते. सकाळी माझी चरबी २९.८ टक्के भरली आणि संध्याकाळी २७.१. दोन किलोंहून अधिक चरबी मी कचेरीत नेमकी कुठे विसरून आलो, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. शरीरातले पाणी कमी-जास्त झाले की हा आकडा डळमळतो, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेले मला दुसऱ्या दिवशी सापडले. त्याच यंत्राने माझ्या शेहेचाळीस वर्षांच्या देहाचे वय ५८ ठरवले, तेव्हा सौभाग्यवतींनी फक्त एवढेच विचारले, “मग पेन्शन कधीपासून?”

अखेर त्यांनीच शिवणाच्या डब्यातली टेप काढली. दिवाळीत लेंगा शिवताना घेतलेले माप त्यांच्या वहीत होतेच : ९८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. मी ताठ उभा राहिलो. टेप बेंबीवरून फिरली आणि ९१ वर थांबली. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले. त्या मात्र टेप न सोडता शांतपणे उभ्या होत्या.

“अहो, श्वास सोडा. मला घाई नाही.”

टेप ९४ वर आली.