मी पंखा नाही

आमच्या गुरुजींनी माझ्याकडून वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोटून घेतली. 'सा' लावायचा आणि हलायचं नाही. पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी एकचा षड्ज, दम संपेपर्यंत, सरळ. जरा डुगडुगला की त्यांची भुवई चढायची.

ऑनलाइन बैठकीत हाच षड्ज काही सेकंद ऐकू जातो आणि मग विरून जातो. बैठकीच्या ॲपमध्ये गोंगाट गाळायची सोय आहे. तिचा हिशोब साधा: माणसाचं बोलणं सारखं बदलतं, जे बदलत नाही ते पंखा, एसी किंवा पाण्याची मोटर. तानपुरा तर पहिल्या फेरीतच बाद. म्हणजे माझा षड्ज जितका स्थिर, तितका मी पंखा. थरथरणारा, बेसूर 'सा' मात्र बिनबोभाट सातासमुद्रापार पोचतो. त्यामुळे हल्ली मी संथ विलंबितातसुद्धा सुरावर ठाण मांडत नाही. गमक घेतल्यासारखा सूर सारखा हलवत राहतो. परवा एक जाणकार म्हणाले, "अलीकडे गमकेचं अंग छान आलंय तुमच्या गाण्यात." अंग कसलं डोंबलाचं! मी पंखा नाही, एवढंच सिद्ध करत असतो.

यावर इलाज आहे, असं भाच्यानं सांगितलं. सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं, म्हणजे गाळणी बंद. केलं. तानपुरा सुरेख ऐकू जायला लागला. त्याच्यासोबत कुकर, खालचा भंगारवाला आणि "अहो, गॅस बंद करा ना" हेही तितकंच सुरेख ऐकू जायला लागलं. मग भाचा म्हणाला, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गा. कपडे आवाज शोषतात, खोली घुमत नाही. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. फक्त आमच्या कपाटात हिच्या पैठण्या आणि डांबराच्या गोळ्या आहेत. तार षड्जासाठी खोल श्वास घेतला की छातीत आधी डांबर भरतं आणि मग सूर.

थेट मोबाइलवरून लाइव्ह गायचं म्हणजे निराळंच दुखणं. ऐकणारेही मोबाइलवरच ऐकतात. माझा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला 'प', साधारण 104 हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो मूळ कंप पेलतच नाही. त्याच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून ऐकणाऱ्याचा मेंदू काय जुळवून घेईल ते खरं. इतकी वर्षं पहाटे उठून खर्ज भरला आणि तो आता श्रोत्यानं मनातल्या मनात गायचा!

अर्थात यंत्रापुढे मान वाकवणारा मी काही पहिला नाही. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा भोंग्यात गावं लागायचं आणि सगळा राग जेमतेम तीन मिनिटांत उरकावा लागायचा. पण त्या भोंग्यानं तिला कधी पंखा ठरवलं नसावं.

सगळ्यात हाल तबल्याचे. तबलजी ठाण्याला, मी पुण्यात. माझा आवाज त्यांच्याकडे पोचायला 150 मिलिसेकंद धरा, त्यांचा ठेका परत यायला तेवढेच. द्रुत तीनतालात मिनिटाला 200 मात्रा असतील तर एक मात्रा बरोबर 300 मिलिसेकंदांची. म्हणजे मी समेवर, पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा तबलजी माझ्या लेखी अजून सोळाव्या मात्रेवर. मी त्यांच्यासाठी थांबतो, ते माझ्यासाठी थांबतात. एकमेकांचा मान राखता राखता द्रुताचं विलंबित होतं. त्यात कुणी माइक चालू ठेवून "वाऽ" म्हटलं की संपलं. दोन्हीकडून एकदम आवाज आला की ॲप एकाचा गळा दाबतं. ते नेहमी गवय्याचाच दाबतं.

शेवटी न्यू जर्सीच्या मंडळाची दिवाळी पहाट आली. त्यांचे सकाळचे सात म्हणजे नोव्हेंबरात आमचे संध्याकाळचे साडेपाच. बाहेर भाजीवाल्यांची गर्दी आणि आत मी पहाटेचा भैरव आळवतोय. या खेपेला तोड काढली होती: तबलजींनी ठेका आधीच ध्वनिमुद्रित करून पाठवला, तो मी माझ्या लॅपटॉपवरून लावला. पण पडद्यावर तबलजी दिसलेच पाहिजेत, असा मंडळाचा आग्रह. मग ते ठाण्याला झब्बा घालून, माइक बंद ठेवून, स्वतःच्याच ठेक्यावर हात हलवत बसले. मध्येच त्यांनी चष्मा पुसला, चहाचे दोन घोट घेतले. ठेका अखंड चालू. तिकडे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

कार्यक्रमानंतर मंडळाच्या अध्यक्षीणबाई भारावून म्हणाल्या, "गाणं तर छानच, पण तबल्याची साथ! किती समजूतदार, कुठे म्हणून पुढेपुढे करणं नाही." तबलजींनी नम्रपणे हात जोडले आणि काहीतरी बोलले. माइक अजून बंदच होता. बिदागी मात्र त्यांनी पूर्ण घेतली, वर ध्वनिमुद्रणाची वेगळी.