क्लबरूटला नुसतं बियाणं पुरत नाही
लेखात कॅनोला या मोहरीसारख्या तेलबिया पिकाच्या रोगप्रतिकारक वाणांचं भरभरून कौतुक केलंय ते ठीक, पण कॅनडात अल्बर्टात पुढे काय झालं ते गाळलंत राव. तिथे २००३ ला एडमंटनजवळ कॅनोलात क्लबरूट सापडला, मुळांना गाठी येऊन झाड सुकतं तो रोग, मग २००९ ला रेझिस्टंट वाण आलं, लोकांनी तेच तेच पेरलं आणि २०१३ ला त्यालाही न जुमानणारे रोगाचे नवे प्रकार (स्ट्रेन) हजर! रोगाला रोखणाऱ्या एखाद्याच जीनवर सगळी भिस्त ठेवली की असंच होणार. शिवाय याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, अवजारांच्या चिखलातून दुसऱ्या शेतात जातात. कोबी, सलगम ही सगळी कॅनोलाची भावकीच (रोगही त्यांना तोच होतो), त्यांच्यातनं नवे जीन आणता येतात म्हणा, पण पिकाची फेरपालटच केली नाही तर ते तरी किती टिकणार?