मणक्याला कोणी हात लावत नाही
‘बोन मॅरो दिला की मणका कायमचा अधू होतो, रक्तगटही जुळावा लागतो’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. दोन्ही चूक. मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, काढलाच तर कमरेच्या हाडातून, भूल देऊन. बहुतेकदा तेही नाही: चार-पाच दिवस मगजातल्या मूळपेशी रक्तात आणणारी इंजेक्शनं, मग प्लेटलेट देताना असतं तसं यंत्र त्या रक्तातून वेगळ्या करतं. अंग दुखतं, हे खरं.

जुळावा लागतो एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा संच. तो आईवडिलांकडून निम्मा-निम्मा येतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के. बाहेरचा दाता बहुधा आपल्याच समाजगटात सापडतो. जगभरच्या नोंदण्यांत ४ कोटींहून अधिक दाते आहेत, पण भारतीय फारच थोडे. मग जुळणी अडते ती इथल्याच रुग्णाची. नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो.