आजारी पडा, पण नियमात बसून

आजारी पडू नका, असं सांगणारे पुष्कळ आहेत. पहाटे साडेपाचला ते कुटुंबाच्या ग्रुपवर कोमट पाणी आणि लिंबू घेऊन हजर असतात. तो विषय त्यांच्याकडेच राहू द्या. हिंजवडीला नोकरी आणि कोथरूडला घर असलेल्या माणसाला खरी गरज असते ती आजारी कसं पडावं हे कुणीतरी सांगण्याची. पडणार तर तुम्ही आहातच. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत बसेल असे पडणार, की मनाला येईल तसे, एवढंच ठरायचं बाकी आहे.

आधी कारणाची व्यवस्था करा. ती सोपी आहे, कारण बरंचसं काम ऑफिसच करून देतं. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये सांगून ठेवलं आहे. तेव्हापासून आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी तरुणांना धीर दिला आहे. 2023 मध्ये नारायण मूर्ती 70 तास म्हणाले, 2025 उजाडताच एल अँड टीचे अध्यक्ष 90 तासांवर गेले. 1948 च्या कारखाने कायद्यात आठवड्याला 48 तास लिहिलेले होते, पण तो कायदा करणाऱ्यांनी डांगे चौकातलं ट्रॅफिक पाहिलं नव्हतं. जाण्यायेण्याचे तास यात कुणीच धरत नाही, ते तुमच्याकडून भेट.

मग एचआरकडून ताणमुक्तीच्या वेबिनारचं निमंत्रण येतं. तेही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कामाचं नुकसान नको. हजेरी सक्तीची असते. कॅमेरा चालू ठेवून दीर्घ श्वास घ्या आणि डबा संध्याकाळी गाडीत खा. ॲसिडिटीची सोय त्यातच होऊन जाते.

इथे काही नवशिके एक चूक करतात. त्यांना वाटतं, नोकरीने बीपी दिलं ना, मग नोकरीच सोडू. असा अविचार करू नका. घरातल्या सगळ्यांचा विमा कोणामुळे आहे? कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा आहेत, त्यांचे गुडघे आहेत, बाबांची शुगर पहिल्या दिवसापासून आहे. राजीनामा दिलात की शेवटच्या दिवशी ओळखपत्राबरोबर हे सगळं परत करावं लागतं. बाहेर जाऊन वडिलांसाठी नवी पॉलिसी मागा, हप्त्याचा आकडा ऐकूनच तुमचं बीपी आणखी वाढेल. म्हणजे ज्या नोकरीने बीपी वाढतं, त्याच नोकरीत बीपीच्या गोळ्या घेत टिकायचं, कारण बीपीने काही झालं तर खर्च तीच नोकरी देणार आहे. इतकी घट्ट बांधणी आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीलाही जमली नव्हती.

तरीही स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यायचीच म्हणता? घ्या. 2025 च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेवढंच बरं. आता मुहूर्त पाहा. पहिले 30 दिवस आजारी पडायचं नाही. अपघात चालतो, तेव्हा अगदीच राहवत नसेल तर पावसाळ्यात दुचाकी काढा, रस्ते महापालिकेने तयारच ठेवले आहेत. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध असल्या दुखण्यांना बहुतेक कंपन्या दोनेक वर्षं थांबायला लावतात. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबावं लागे, 2024 मध्ये ती मर्यादा तीनवर आली. एवढा काळ दुखण्याला आवरून धरा. तुम्हाला बसता येत नसलं तरी मूळव्याधीला नियमात बसावंच लागतं.

रुग्णालयात किती वेळ राहायचं तेही ठरलेलं आहे. डे केअरच्या, म्हणजे दिवसाभरात उरकणाऱ्या, यादीतले उपचार सोडले तर किमान 24 तास भरती असावं लागतं. रात्री छातीत दुखलं, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि विसाव्या तासाला डॉक्टर हसत म्हणाले की काही नाही हो, गॅस होता, तर लगेच आनंदाने उठून चपला घालू नका. पडून राहा. दुसऱ्या दिवशीचा चहा तिथेच घ्या.

सगळ्यात नाजूक प्रकरण खोलीचं. बऱ्याच पॉलिस्यांत खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीला दिवसाला पाच हजार एवढंच मान्य असतं. तुम्ही रुग्णाला घेऊन धावतपळत पोचता. काउंटरवर सांगतात, ‘शेअरिंग फुल आहे, डीलक्स मिळेल, आठ हजार.’ तुम्ही मनात हिशेब करता, वरचे तीन हजार आपण भरू, काय त्यात! आणि इथेच फसता. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच मग आठाला पाच या प्रमाणात कापलं जातं. यातलं बिल दोन लाखांचं झालं तर विमा कंपनी सव्वा लाख देते आणि पाऊण लाख तुमचे. सर्जन तोच, सुरी तीच, टाकेही तितकेच. फक्त तुम्ही खिडकीशेजारी झोपलेले असता. म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर रुग्णाचा हात धरण्याआधी पॉलिसीचं सहावं-सातवं पान काढा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच वाचायला द्या, वेळ जातो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत 2024 पासून पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंसुद्धा आली आहेत, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. पण त्याची चौकशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये करू नका, लोक काय म्हणतील! शिवाय रेशनकार्ड सापडायला हवं. ते आईने कुठल्या तरी साडीखाली ठेवलेलं असतं आणि ऑपरेशन नेमकं आईचंच असतं.

भेटायला येणाऱ्यांची पूर्वतयारी करून ठेवा. प्रत्येकाच्या मावसभावाला हेच झालेलं असतं, आणि प्रत्येकाचा मावसभाव चुकीच्या डॉक्टरकडे गेलेला असतो. शहाळी इतकी जमतात की पलंगाखाली केळशीचा किनारा वाटावा. नाही म्हणू नका, नर्सेसना वाटा, इंजेक्शन हळू टोचतात.

शेवटी बिल. विम्यात सहसा न मिळणाऱ्या वस्तूंची विमा नियामकाची एक यादी आहे, 68 वस्तूंची. क्रेप बँडेज, डायपर, मास्क, पिण्याचं बाटलीबंद पाणी, आणि किडनी ट्रे. म्हणजे मुतखड्याचं ऑपरेशन कंपनी मोठ्या मनाने करून देते, ते करताना लागणारी राजम्याच्या आकाराची वाटी मात्र तुम्ही आणायची. ही यादी मला मनापासून आवडते. कुणीतरी बैठकीत बसून, चहा पीत, एकेक वस्तू आठवून आठवून लिहिली असणार.

डिस्चार्ज सकाळी दहाला होतो, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतात. नंतर फाइल बिलिंगला, तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्यांकडे, तिथून एक प्रश्न परत, त्या प्रश्नाला डॉक्टरांची सही, आणि डॉक्टर तोवर दुसऱ्या रुग्णालयात. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. तीन तास कधीपासून मोजायचे, हे काउंटरवर विचारून पाहा, तिथली मुलगी गोड हसेल.

तोवर पलंगावर पाय सोडून बसा आणि लॅपटॉप उघडा. फक्त रुग्णालयाचं वायफाय विकत घेऊ नका, इंटरनेटचा खर्चही त्या 68 मध्येच आहे. स्वतःचा हॉटस्पॉट लावा, हाताची सलाइनची पट्टी कॅमेऱ्यात दिसणार नाही असं बसा, आणि साडेचारच्या कॉलला वेळेत या. मॅनेजरने तब्येतीची चौकशी केलीच तर ‘ऑल गुड’ म्हणा, कारण अप्रेझल पुढच्याच आठवड्यात आहे.