'तटस्थ वाचक' यांना उत्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या (एआय) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. आता चहा झाल्यावर पुन्हा लिहितोय. तरी सूर कुठे चढला तर सांभाळून घ्या.

आधी चूक कबूल. एआयचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन "रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं थांबवा" असं म्हणाले ते 2016 मध्ये, मी 2017 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. (पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल असंही ते म्हणाले होते. रेडिओलॉजिस्ट अजून कामावर आहेत. पण तुमचं लक्ष सालाकडे.)

आता तुमचं ते वाक्य : "काका, बँकेत संगणक आले तेव्हाही तुमच्यासारख्यांनी असाच गळा काढला होता."

काका चालेल, वय झालंय. पण 'तुमच्यासारख्यांनी' म्हणजे नक्की कोणी? मी 1981 साली बँकेत कारकून म्हणून लागलो. बॅलन्सिंगला, म्हणजे हिशेब जुळवताना, चौपन्न पैशांचा फरक शोधत रात्री साडेनऊपर्यंत बसलोय. फरकाला नवाने भाग गेला म्हणजे बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे आम्हाला तोंडपाठ. शेवटी सापडलं, 28 चे 82 झाले होते. शाखेत लेजर पोस्टिंग मशीन (खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र) येणार म्हटल्यावर त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्या दोघांतला एक मी होतो. त्यापायी युनियनमधले मित्र दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गळा काढणारे ते, आणि तेही अगदी उगाच नाही. तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का?

ते मशीन आलं कसं, तेही ऐका. 1983 साली बँका आणि युनियनांमध्ये घासाघीस होऊन यांत्रिकीकरणाचा करार झाला, मग यंत्रं आली. आमच्याकडे तीन महिने हाताचं लेजर आणि मशीन दोन्ही चालू होतं. रोज संध्याकाळी दोन्हींची शिल्लक जुळवायची. सलग जुळत गेली, तेव्हाच लेजर बांधून कपाटात गेलं. मशीन विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी लेजर मिटवलं नाही.

माझा लेख एवढंच विचारत होता, की आज एआयचा ताळा कोण करतंय? फेब्रुवारी 2023 मध्ये गूगलच्या बार्ड या चॅटबॉटने स्वतःच्या जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीबद्दल चुकीचं सांगितलं आणि गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 100 अब्ज डॉलरनी उतरलं. ती चूक तशीच जाहिरातीत बाहेर गेली. मे 2023 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन अमेरिकी सिनेटसमोर म्हणाले, आमच्यावर नियमन हवं. पुढच्याच महिन्यात टाइम मासिकाने कागदपत्रांनिशी छापलं, की त्यांचीच कंपनी युरोपचा एआय कायदा सौम्य व्हावा म्हणून पडद्याआड खटपट करत होती. आमच्या वेळी ऑडिटर बाहेरून यायचा. इथे ज्याचं खातं तोच ऑडिटर नेमायला निघालाय, आणि आपण टाळ्या वाजवतोय.

एआयने ओळखलेली प्रोटीनची रचना, त्याला मिळालेलं 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल वगैरे तुम्ही बरंच लिहिलंत. खरं आहे, पण माझा लेख त्यावर नव्हता.

'म्हातारपणाची भीती' या शब्दांवर मात्र हसू आलं. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी एका चॅटबॉटशी वीस मिनिटं बोललो. मी जिवंत आहे हे त्याला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने गृहकर्जाचे दर दाखवले. भीती नव्हे हो, कंटाळा आला.

आणि तुमची प्रतिक्रिया एखाद्या चॅटबॉटने लिहून दिली असेल अशी शंका मला अजिबात नाही. त्यांचं शुद्धलेखन बरं असतं.